कालका–शिमला छोटी रेल्वे: सांगली-साताऱ्याहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांच्या वेळा आणि भाडी बदलत राहतात. त्यामुळे खाली वेळा ढोबळ दिल्या आहेत आणि भाड्याचे आकडे टाळले आहेत. तिकीट काढताना दोन्ही ताजे बघून घ्या. बाकीच्या गोष्टी, म्हणजे चढ, वळणं, बोगदे, पाऊस आणि माकडं, एवढ्यात बदलणाऱ्यातल्या नाहीत.

ही गाडी "छोटी" म्हणजे नेमकी किती छोटी?

दोन रुळांमधलं अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपली आताची मिरज–पुणे ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची, म्हणजे दुपटीहून जास्त.

मिरज, कवठेमहांकाळ, ढालगाव भागातल्या जुन्या लोकांना हे माप वेगळं सांगायला नको. मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी धावणारी बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती. ती मिरजेपर्यंत १९२७ साली आली आणि २०१० च्या सुमारास तिची ब्रॉडगेज झाली. तेव्हा आजोबांनी "आमच्या पंढरपूरच्या गाडीएवढीच की ही" म्हटलं तर ते अगदी बरोबर आहेत. फरक आहे तो मुलखाचा. ती माणदेशाच्या माळावरून जायची, ही डोंगर चढते.

मग डोंगरात मोठी लाईन का टाकली नाही?

वळणांमुळे. ब्रॉडगेज गाडीला वळायला किमान १७५ मीटर त्रिज्येचं वळण लागतं. कालका–शिमला मार्गावरची सगळ्यात आवळ वळणं जेमतेम साडेसदतीस मीटर त्रिज्येची आहेत. एवढ्या लहान वळणावर वळता आलं की डोंगराच्या प्रत्येक घडीत शिरून कडेकडेने वर जाता येतं. मोठ्या गाडीला तेवढ्यासाठी दरी बांधून काढावी लागते, नाहीतर डोंगर पोखरावा लागतो. तरीही इथे शंभरावर बोगदे आणि आठशेहून जास्त पूल लागलेच. वळणं नऊशेच्या वर आहेत.

पूलही बघण्यासारखे आहेत. लोखंडी गर्डरऐवजी बहुतेक ठिकाणी दगडी कमानी एकावर एक रचल्या आहेत. कनोहजवळचा ५४१ नंबरचा पूल चार मजली आहे. मजल्यावर मजला असलेली कमान हवी तशी वळवत बांधता येते, सरळ गर्डर वळवता येत नाही.

गंमत म्हणजे ही लाईन आधी दोन फुटी करायचं ठरलं होतं. लष्कराला आपल्या सामानासाठी सगळीकडे एकच माप हवं होतं, म्हणून मधेच ती अडीच फुटी झाली. ९ नोव्हेंबर १९०३ ला ती वाहतुकीला खुली झाली आणि २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

चढ किती आहे?

कालका समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरवर आहे, म्हणजे सांगलीपेक्षा उंच आणि साताऱ्यापेक्षा थोडं खाली. शिमला स्टेशन २,०७६ मीटरवर. महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास धरलं, तर शिमला त्याच्याही सातशे मीटर वर.

कमाल चढ ३३ मीटरला १ मीटर. खंडाळ्याच्या घाटात तो ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, यावरून अंदाज घ्या. पण हा चढ सलग नाही. बडोगचा बोगदा ओलांडला की गाडी सोलनवरून कंडाघाटपर्यंत चक्क उतरते आणि तिथून पुन्हा चढायला लागते. मोबाईलवर उंची बघत बसणाऱ्यांना तिथे "गाडी चुकीच्या दिशेला चालली की काय" असं वाटतं. तसं काही नसतं.

एवढं लांब कशाला? माथेरान आहे की जवळ.

आहे, आणि आधी तेच करा. नेरळ–माथेरान लाईन १९०७ ची आहे, सुमारे २१ किलोमीटर, आणि माप आणखी लहान: २ फूट. साताऱ्याहून दोन दिवसांत जाऊन येता येतं. मुलांना छोट्या गाडीत बसायला आवडतं का, वळणांनी मळमळतं का, हे तिथेच कळतं. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा भाग बंद असतो. तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल धावते.

दार्जिलिंगची गाडीही दोन फुटी आहे. न्यू जलपायगुडीपासून ८८ किलोमीटर, १८८१ ची, आणि घूम स्टेशन २,२५८ मीटरवर, भारतात सगळ्यात उंच. जातिवंत रेल्वेप्रेमी शिमल्यापेक्षा दार्जिलिंग वर मानतात, कारण तिथे वाफेचं इंजिन अजून रोज दिसतं, गाडी बाजारातून दुकानांना घासून जाते आणि चढ चढायला लूप (गोल वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जाणं) व झिगझॅग (पुढे-मागे करत वर सरकणं) आहेत. पण पूर्ण प्रवासाला सात तासांच्या वर लागतात, आणि आपल्याकडून न्यू जलपायगुडी गाठणंच मोठं काम. दरडींनी ही लाईन २०१० पासून २०१५ च्या अखेरीपर्यंत मधे तुटलेलीच होती. पहिल्यांदा हिमालयातली छोटी गाडी बघणाऱ्यांना आम्ही शिमला सांगतो ते याच कारणाने: इथून सरळ जाता येतं आणि गाडी चालू असण्याची शक्यता जास्त.

आणि उटी?

उटीची गाडी नॅरोगेज नाही, मीटरगेज आहे. मधल्या घाटात रुळांच्या मधे दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकून चढतं. पुणे–मिरज लाईनही १९७० च्या सुमारापर्यंत मीटरगेजच होती, फक्त दात्यांशिवाय. तो प्रवास वेगळा आहे, त्याची माहिती इथे देत नाही.

मिरज-साताऱ्याहून कालक्याला कसं पोचायचं?

दोन रस्ते.

पहिला दिल्लीमार्गे. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस मिरज-साताऱ्यावरून रोज जाते. मिरजेत रात्री बसलात की दुसरा अख्खा दिवस गाडीत, मग आणखी एक रात्र, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर हजरत निजामुद्दीन. नवी दिल्लीहून कालक्याला सकाळची शताब्दी आहे, साधारण पावणेआठची. कागदावर हे जुळतं: सहाच्या सुमारास उतरा, टॅक्सीने नवी दिल्ली गाठा, शताब्दीत बसा, दुपारी कालक्याला छोटी गाडी पकडा. प्रत्यक्षात असं कधीच ठरवू नका. दीड हजारावर किलोमीटर धावून आलेली गाडी तासभर उशिरा येणं ही बातमीसुद्धा नव्हे, आणि तेवढ्यात तुमची पुढची दोन्ही तिकिटं वाया जातात. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, तेव्हा तर पाच-सहा तासांचा उशीर धरूनच चाला.

त्यापेक्षा तो दिवस दिल्लीत काढा आणि रात्री दिल्ली जंक्शनहून नेताजी एक्सप्रेसने निघा. पूर्वीची कालका मेल म्हणतात ती हीच. ती पहाटे कालक्याला पोचते. मात्र ती हावड्याहून येते, त्यामुळे तिलाही उशीर होतोच.

दुसरा रस्ता चंदीगढमार्गे, आणि आमच्या मते तो जास्त चांगला. यशवंतपूरहून चंदीगढला जाणारी कर्नाटक संपर्क क्रांती आठवड्यातून दोनदा मिरज आणि पुण्यावरून जाते. दिल्लीत उतरून सामान ओढायचं नाही. चंदीगढ ते कालका पंचवीस-तीस किलोमीटर आहे, लोकल गाडी, बस, टॅक्सी सगळं मिळतं. तुमच्या जवळच्या स्टेशनवर तिचा थांबा आहे का आणि त्या आठवड्यात ती कोणत्या वारी आहे, हे बघून मग बाकीच्या तारखा ठरवा. शिमल्याचं हॉटेल आधी ठरवून मग गाडी शोधू नका.

कुठल्याही रस्त्याने गेलात तरी शेवटचा नियम एकच: छोट्या गाडीच्या आदल्या रात्री कालक्यात किंवा चंदीगढमध्ये झोपा. कालका स्टेशनवर रिटायरिंग रूम आहेत. एका रात्रीचं भाडं जातं, पण सहलीचा जो भाग बघायला दोन रात्री गाडीत काढल्या तो हातचा जात नाही.

कालक्याहून कोणती गाडी धरावी?

दिवसभरात पाच-सहा गाड्या असतात. शोधताना कालक्याचा कोड केएलके आणि शिमल्याचा एसएमएल टाका.

शिवालिक डिलक्स पहाटे पावणेसहाच्या सुमारास निघते. थांबे कमी, गादीच्या खुर्च्या. हिवाळ्यात पहिला तासभर अंधार असतो, म्हणजे खालची वळणं दिसतच नाहीत.

हिम दर्शन सकाळी सातच्या सुमारास. मोठ्या काचांचे व्हिस्टाडोम डबे हे तिचं वैशिष्ट्य. भाडं सगळ्यात जास्त. सगळा प्रवास उजेडात होतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हीच धरावी. एकच तक्रार: काचा बंद असतात, त्यामुळे वारा आणि चीडच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांचा वास बाहेरच राहतो. उन्हाच्या बाजूला बसलात तर काचेवर चमक येऊन फोटोही खराब होतात.

हिमालयन क्वीन दुपारी बाराच्या सुमारास, दिल्लीच्या शताब्दीला जोडलेली. ती संध्याकाळी शिमल्याला पोचते. उन्हाळ्यात चालते, डिसेंबरात जरा उशीर झाला तरी शेवटचा भाग अंधारात जातो.

साध्या पॅसेंजर-एक्सप्रेस गाड्या सगळ्यात स्वस्त. खिडक्या उघड्या आणि डब्यात सोलनचे विद्यार्थी, दुधाचे कॅन, स्थानिक गप्पा. मुलं मोठी असतील आणि कमरेचा त्रास नसेल, तर उतरताना एकदा यातून याच.

याशिवाय रेल मोटर कार नावाची एकच डब्याची गाडी असते. जेमतेम पंधराएक माणसं मावतात आणि पुढच्या काचेतून रूळ दिसतात. तिचं तिकीट मिळालं तर बाकी सगळं विसरा.

तिकीट किती आधी निघतं? नाही मिळालं तर?

प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी बुकिंग उघडतं. मे, जून, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ या काळात व्हिस्टाडोम आणि शिवालिक पहिल्या काही दिवसांतच भरतात. डबे छोटे, गाडी सहा-सात डब्यांची, त्यामुळे वेटिंगही फारसं पुढे सरकत नाही. मोठ्या गाड्यांत पन्नास वेटिंग कन्फर्म होतं, तो हिशेब इथे लावू नका.

नाही मिळालं तर दोन वाटा. एक, साध्या गाडीच्या जनरल डब्याचं तिकीट कालक्याला खिडकीवर त्याच दिवशी काढायचं आणि गाडी लागायच्या आधी तासभर फलाटावर उभं राहायचं. दोन, पूर्ण मार्गाऐवजी तुकडा बघायचा: टॅक्सीने धरमपूर किंवा बडोगपर्यंत जाऊन तिथून वर, नाहीतर शिमल्याहून उलटं सोलनपर्यंत. गर्दीच्या दिवसांत शिमल्याहून खाली येणाऱ्या गाड्यांत त्या मानाने जागा मिळते.

दिल्ली–कालका आणि कालका–शिमला अशी दोन वेगळी तिकिटं असतील तर आयआरसीटीसीवर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडा. पहिली गाडी उशिरा येऊन दुसरी चुकली, तर दुसऱ्याचा परतावा मागता येतो. जोडलेले नसतील तर रेल्वेच्या दृष्टीने तुम्ही फक्त वेळेवर आला नाहीत.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना, वेगळी सीट नको असेल तर, तिकीट लागत नाही.

आम्ही भिशीच्या चाळीस बायका आहोत. एकत्र जागा मिळेल?

एका तिकिटावर सहाच जण बसतात. सात वेगळी तिकिटं एकाच मिनिटाला काढून एकाच डब्यात जागा येईल, हे होत नाही. दोन उपाय आहेत. स्टेशनवर गटाच्या आरक्षणासाठी यादीसह अर्ज देता येतो. किंवा एफटीआर, म्हणजे पूर्ण दराने अख्खा डबा घ्यायचा. त्याला अनामत भरावी लागते आणि महिने-दोन महिने आधी हालचाल करावी लागते. चाळीस जणींत विभागला तर डबा परवडतो.

कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी?

वर जाताना उजवी, असं बरेचजण छातीठोक सांगतात. मार्ग डोंगराच्या या अंगावरून त्या अंगावर इतक्यांदा जातो की पाच तासांत दोन्ही बाजूंना दरी येते आणि दोन्ही बाजूंना कातळही येतो. बाजूपेक्षा खिडकी महत्त्वाची. काही सीटांच्या समोर दोन खिडक्यांमधली पट्टी येते, त्या टाळता आल्या तर बघा. मागच्या डब्यात बसलात तर वळणावर अख्खी गाडी आणि इंजिन समोर दिसतं, पुढच्या डब्यातून ते दिसत नाही. ही युक्ती मात्र खरी.

९६ किलोमीटरला पाच-साडेपाच तास कसे लागतात? मधेच का थांबते?

वेग पंचवीस किलोमीटरच्या आसपास. आवळ वळणावर चाकाची कड रुळाला घासते. ती किरकिर ऐकू येते. तिथे वेग वाढवला तर गाडी रुळावरून उतरायची भीती. शिवाय सातशे अश्वशक्तीचं डिझेल इंजिन तेहतिसाला एक चढ चढत असतं. दव, पाऊस किंवा पाइनच्या सुयांनी रूळ निसरडे झाले की चाकं जागच्या जागी फिरतात. मग चालक रुळावर वाळू सोडतो आणि हळूहळू पुन्हा पकड घेतो. हा बिघाड नव्हे, डोंगरातली नेहमीची कसरत आहे.

थांबण्याचं दुसरं कारण एकेरी मार्ग. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी जुनी टोकन पद्धत आहे. स्टेशनमास्तरच्या यंत्रातून धातूचा एक गोळा निघतो. तो चालकाच्या हातात आला तरच त्याला पुढच्या स्टेशनपर्यंत जायची परवानगी. तिथे पोचल्यावर तो तिथल्या यंत्रात टाकायचा, त्याशिवाय दुसरा गोळा बाहेर पडतच नाही. समोरून गाडी येत असेल तर तुमच्या वाट्याचा गोळा सुटेपर्यंत थांबणं आलंच. स्टेशनात शिरताना इंजिनाकडे नजर ठेवा, ही देवाणघेवाण बघायला मिळते.

बोगदे १०२ की १०३?

आधी १०७ होते, १९३० च्या नव्या क्रमांकानुसार १०३ झाले, आणि ४६ नंबरचा काढून टाकल्यापासून १०२ आहेत. क्रमांक मात्र बदलले नाहीत. त्यामुळे शिमल्याच्या तोंडचा शेवटचा बोगदा आजही १०३ नंबरचाच आहे आणि तिथल्या भागालाही लोक "एकशे तीन" म्हणतात. मुलांना मोजायला लावा, सहसा सत्तरच्या आसपास भांडण होतं.

सगळ्यात लांब तो ३३ नंबरचा, बडोगचा: १,१४३ मीटर, जवळजवळ सरळ. पंचवीसच्या वेगाने पावणेतीन मिनिटं अंधार. याची गोष्ट सगळे गाइड सांगतात: कर्नल बडोग यांनी दोन्हीकडून खणायला घेतलेला आधीचा बोगदा मधे जुळला नाही, त्यांना एक रुपया दंड झाला आणि त्या अपमानाने त्यांनी जीव दिला. पुढे हॅरिंग्टन यांनी नवीन जागेवर आजचा बोगदा पूर्ण केला, आणि डोंगराची नस ओळखणाऱ्या बाबा भलकू या स्थानिक माणसाने वाट दाखवली. शिमल्याच्या रेल्वे संग्रहालयाला भलकूंचंच नाव आहे. अर्धवट सोडलेला बोगदा वर डोंगरात आजही आहे.

घाट लागणाऱ्यांना त्रास होईल का? आणि उंचीचा?

पसरणीच्या घाटात एसटीत ज्यांना पिशवी लागते, त्यांनाही ही गाडी सहसा सोसते. वेग कमी, गचके नाहीत, ब्रेक हळू लागतात. त्रास झालाच तर तो पहिल्या दीड तासात, धरमपूरपर्यंत, तिथे वळणं दाट आहेत. रिकाम्या पोटी बसू नका आणि मिसळ हाणूनही बसू नका. मोबाईलवर वाचत राहणाऱ्याला नक्की मळमळतं. औषध घ्यायचं असेल तर गाडी सुटण्याच्या अर्धा-एक तास आधी, डॉक्टरांना विचारून. वळण सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

उंचीमुळे होणारा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. शिमल्याला त्याची काळजी नको. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना दम लागतो तो शिमल्याच्या चढांनी.

सामान किती न्यावं?

माणशी एक बॅग, सीटखाली जाईल अशी. डबा अरुंद, वरची फळीही अरुंद. मोठ्या चार चाकांच्या बॅगा वाटेत राहतात आणि प्रत्येक स्टेशनावर त्या उचलून माणसांना वाट द्यावी लागते. मोठं सामान असेल तर एक बॅग चंदीगढला हॉटेलात किंवा क्लोक रूममध्ये ठेवून जा. क्लोक रूममध्ये कुलूप लावलेलीच बॅग घेतात.

खायचं काय?

बडोगला गाडी थोडी जास्त थांबते. तिथलं कटलेट-ब्रेड आणि चहा जुन्या सवयीसारखं चालत आलंय. गाडी सुटायच्या आधी परत आत या, पुढची गाडी दोन तासांनी असू शकते. बाकी आपली शिदोरी उत्तम: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सांगलीचा भडंग. भडंग मात्र सकाळी लवकर संपवा. वरच्या स्टेशनांवर आणि शिमल्यात माकडं असतात आणि कुरकुरणाऱ्या पिशवीचा आवाज त्यांना आपल्याआधी कळतो. उघड्या खिडकीत कंदी पेढ्यांचा पुडा ठेवणं म्हणजे आमंत्रण. माकडाने पिशवी धरली तर ओढाओढ करू नका, सोडून द्या. चावलं तर जखम साबणाने भरपूर धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

डब्यात शौचालय असतं का?

डिलक्स आणि आरक्षित डब्यांत असतं, लहान. साध्या डब्यांत असेलच असं धरू नका. कालक्याला जाऊनच गाडीत बसा आणि मग बडोगला.

कोणत्या महिन्यात जावं?

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर सगळ्यात चांगले. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली, गर्दी मध्यम. एप्रिल चालतो. मे-जून शाळेच्या सुट्ट्यांची गर्दी, शिवाय चीडच्या जंगलात वणवे लागतात, धुराने डोंगर दिसत नाहीत. बर्फ हवा असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, पण तो त्या दिवशी पडेल याची हमी कोणी देत नाही.

पावसाळ्यात गाडी बंद असते का?

माथेरानसारखी ठरवून बंद ठेवत नाहीत, पण जुलै-ऑगस्टमध्ये ती वारंवार बंद पडते. डोंगराच्या कुशीत कापून काढलेल्या पायरीवर रूळ आहेत. वरून दरड कोसळली तर रूळ गाडले जातात. ते तासा-दोन तासांत किंवा एका दिवसात मोकळे होतात. खालून माती वाहून गेली तर प्रकरण गंभीर. १४ ऑगस्ट २०२३ ला समर हिलजवळ तसंच झालं: खालची सगळी जमीन गेली आणि रूळ स्लीपरांसकट हवेत लोंबकळत राहिले. त्याच दरडीत तिथलं शिवमंदिर गाडलं जाऊन माणसं दगावली. पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

असं झालं की रेल्वे आधी खालचा ठीक असलेला भाग चालू करते, म्हणजे गाडी सोलन किंवा तारादेवीपर्यंतच जाते. म्हणून पावसाळ्यात "गाडी आहे का" एवढंच विचारू नका, "कुठपर्यंत आहे" ते विचारा. रेल्वेने गाडी रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरचं तिकीट असेल तर ते खिडकीवर द्यावं लागतं. आणि गाडी बंद असेल तेव्हा शेजारचा महामार्गही बंद असू शकतो, दोघांचा डोंगर एकच आहे. परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा ठेवा.

वर गाडीने आणि खाली बसने, की उलट?

वर गाडीने. सकाळचा उजेड पूर्ण मिळतो, आणि सपाटीवरून हळूहळू उतारावरची झाडं बदलताना दिसतात: खाली झुडपं, मग चीड, शेवटी देवदार. परतताना रस्त्याने तीन-चार तासांत कालका किंवा चंदीगढ गाठता येतं, त्यामुळे पुढची गाडी चुकण्याची धास्ती कमी होते. छोट्या गाडीने उतरून त्याच दिवशी लांबची गाडी पकडायची असेल, तर मधे निदान चार तास ठेवा.

वाफेचं इंजिन बघायला मिळेल?

रोजच्या गाड्यांना नाही, त्या डिझेलवर चालतात. केसी ५२० हे जुनं वाफेचं इंजिन शिमला–कैथलीघाट अशा छोट्या खास फेऱ्यांना काढतात, बहुतेक वेळा एखाद्या गटाने अख्खी गाडी भाड्याने घेतली तर. त्याच्या भरवशावर सहल ठरवू नका.

दारात उभं राहून फोटो काढले तर चालतात?

नाही. बोगद्याची भिंत आणि कातळ डब्यापासून हातभर अंतरावर येतात, आणि बोगदा वळणावर असेल तर तो समोर येईपर्यंत दिसतही नाही. सेल्फी स्टिक खिडकीबाहेर काढली तर काठी तरी जाते नाहीतर मनगट. चांगला फोटो हवा असेल तर मागच्या डब्यातून वळणावर, हात आत ठेवून.

शिमला स्टेशनवर उतरल्यावर?

स्टेशन गावाच्या खालच्या अंगाला आहे आणि माल रोड वर. मधला दीड-दोन किलोमीटर चढ सामानासह अजिंक्यताऱ्याची आठवण करून देतो. माल रोडवर गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे टॅक्सी हॉटेलच्या दारात नेईल असं समजू नका. कार्ट रोडवरून वर जायला पर्यटन खात्याची लिफ्ट आहे, तिकीट काढून जाता येतं. हॉटेल ठरवताना एकच प्रश्न विचारा: "गाडी थांबते तिथून किती पायऱ्या?" उत्तर "जवळच आहे" असं आलं तर दुसरं हॉटेल बघा. कुलीशी सामान उचलायच्या आधी, हॉटेलचं नाव सांगून, दर पक्का करा.